तळपायाची आग

पोखरी घाटात समोरून प्रतिभाची पिकअप आली की एसटीचे ड्रायव्हर आधी हात वर करायचे आणि मग वाट द्यायचे. बाईनं घाटात गाडी चालवायची याचं सुरुवातीला वाड्यावस्त्यांवर नवल होतं. पुढं पुढं लोकांना तिचीच गाडी बरी वाटायला लागली, कारण ती वेळेवर यायची, पोती नीट रचायची आणि वळणावर मोबाईल कानाला लावायची नाही.

तिचं माहेर जुन्नरच्या पश्चिमेकडचं, आपटाळ्याच्या वरचं. मामाची जीप होती, तिच्यावरच ती गाडी शिकली. लग्न होऊन शिनोलीच्या वर डोंगरातल्या वाडीत आली तेव्हा तिनं पाहिलं, की तांदूळ, हिरडा, वालाच्या शेंगा, सगळं खाली न्यायला लोक दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत रस्त्याला बसून राहतात. नवरा गोकुळ भातशेती करायचा. स्वभावानं शांत. गाडीचं त्याला वावडंच होतं; मोटरसायकलवर मागं बसला तरी डोळे मिटून घ्यायचा. त्यामुळे पिकअप घरात आली ती प्रतिभाच्या हट्टानं, आणि चालली ती प्रतिभाच्याच हातानं.

भाताची झोडणी चालू होती त्या दिवसांत तिचे तळपाय भगभगायला लागले. मिरच्या कांडल्यावर हात जसे चुरचुरतात, तसे. आधी तिला वाटलं इंजिनाची धग लागतेय. तिनं चप्पल बदलली, केबिनमध्ये पायाखाली पोतं टाकलं. फरक पडला नाही. थंडीच्या दिवसांत सगळं घर गोधड्यांत गुरफटून झोपायचं आणि ही पाय उघडे टाकून. गोधडीचं नुसतं टोक लागलं तरी कुणी खरखरीत कानस घासल्यासारखं व्हायचं. तिनं ते कुणाला फार सांगितलं नाही. दिवसा काम निघत होतं.

एके दिवशी सकाळी वालाच्या शेंगांची पोती भरून ती घाट उतरत होती. शेजारी वाडीतले गेणभाऊ बसले होते, मंचरला लेकीकडं निघालेले. एका वळणाआधी तिनं ब्रेकवर पाय दाबला आणि तळव्यातून तापलेला खिळा घुसावा तशी कळ आली. पाय आपोआप उडाला. गाडी पुढं झेपावली. प्रतिभानं पाय परत ठेवायला बघितलं, पण पाय ऐकेना. मग तिनं गिअर खाली टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढत तिनं डोंगराच्या बाजूच्या चरात चाक घातलं. गाडी खडखडत थांबली.

"काय झालं गं?" गेणभाऊंनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता.

"पाय उडाला, गेणभाऊ."

"पन गाडी काय धरलीस राव! दुसरा असता तर गेलो व्हतो खाली."

प्रतिभा हसली नाही. खाली उतरून तिनं चाकं बघितली, पोती बघितली. मग घोडेगावच्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला फोन लावला.

"असं का? चालू हाय की गाडी," गेणभाऊ म्हणाले.

"गाडी चालू हाय. माझा पाय चालू न्हाई. परत उडाला तर? समोरून शाळंची गाडी आली तर?"

ड्रायव्हर येईपर्यंत ती रस्त्याकडेला दगडावर बसून राहिली. त्या दिवशी गाडी घरासमोर लागली आणि किल्ली तिनं फडताळात ठेवली. कुणी सांगितलं म्हणून नाही, स्वतः ठरवलं.

मग डॉक्टर सुरू झाले. घोडेगावला साखर तपासली, ती बरोबर. ताकदीची इंजेक्शनं झाली. मंचरला मणक्याचे फोटो काढले, तेही चांगले. शेवटी नसांमधून करंट सोडून करतात ती तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद उलटसुलट बघितला आणि आपुलकीनंच म्हणाले, "ताई, सगळं नॉर्मल आहे. नसा एकदम व्यवस्थित. मनावर ताण घेऊ नका. झोपेची एक हलकी गोळी देतो."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. "नॉर्मल हाय, मंग दुखतंय ते काय?" तिनं गोकुळला विचारलं.

गोकुळ बोलला नाही. पुढच्या सीटच्या दांड्याकडं बघत राहिला. त्या गप्प बसण्याचं तिला पायापेक्षा जास्त लागलं. म्हणजे यालाही वाटतंय, की काही नाही.

पुढच्या आठवड्यात तो अंगणात पिकअप धूत होता. प्रतिभा उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

"आज काय एवढी आंघोळ?"

"लोणीवरनं एक पावणा येनार हाय. बघायला."

"काय बघायला?"

"गाडी." गोकुळनं तिच्याकडं न बघता काच पुसली. "नुसती उभी हाय, प्रतिभा. टायर बसत्यात. तुला तर आता…"

"मला आता काय?"

तो फडकं पिळायला लागला. पाहुणा आला, तेव्हा प्रतिभानंच त्याला चहा दिला, लोणीकडच्या कांद्याची चौकशी केली आणि सांगितलं, की गाडी विकायची नाही, फुकट हेलपाटा पडला त्याबद्दल माफी असावी. पाहुणा गोकुळकडं बघत राहिला. गोकुळ बादलीकडं.

सासू लंकाबाई हे सगळं चुलीपाशी बसून ऐकत होती. तिचं आपलं एकच मत होतं, की पायात थंडी शिरलीय, शेकानं जाईल. ती वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि सुनेच्या तळपायाला लावायची. प्रतिभाला त्यानं बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही, पण म्हातारीचं मन राखायला ती पाय पुढं करायची.

त्या दिवशी दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. लंकाबाईनं वीट लावली.

"आत्या, आज कोमटच हाय वीट. लागतच न्हाई."

"थांब, तापवते अजून."

वीट परत आली. प्रतिभानं दोन्ही टाचा तिच्यावर ठेवल्या आणि सुपातले खडे वेचत राहिली. गप्पा चालल्या होत्या. थोड्या वेळानं लंकाबाईनं वीट सरकवायला हात घातला आणि "आयाया" म्हणत मागं घेतला. फडकं एका बाजूनं सुटलं होतं. तिनं सुनेचा पाय उचलून बघितला. टाचेची कातडी लालभडक झाली होती आणि मोठा फोड टरारून आला होता.

"पोरी! तुला कळलं न्हाई?"

प्रतिभानं वाकून बघितलं. ती स्वतःच चकित झाली. "न्हाई, आत्या."

लंकाबाई जागीच बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग पाण्याच्या जागी राग. गोकुळ शेतावरून आला तसं तिनं त्याला हाक मारली.

"इकडं ये. डाक्टर काय म्हनला व्हता? नार्मल?"

"हां. का?"

"मंग ही वीट घे. ठेव तुझ्या पायावर. ठेव ना!" तिनं चिमट्यानं वीट त्याच्यापुढं सरकवली. "हिची टाच भाजली आन् हिला पत्ता न्हाई. जिथं आग न्हाई तिथं हिला आग व्हतीय, आन् जिथं खरी आग हाय तिथं कळंना. ह्ये मनाचं हाय व्हय?"

गोकुळनं बायकोची टाच बघितली. बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ."

फोडाला पट्टी करायला दोघं घोडेगावला गेले. पट्टी झाली. पण प्रतिभाची दाढही कित्येक दिवस ठणकत होती, म्हणून आलोच आहोत तर दाखवू असं म्हणून ती वरच्या मजल्यावर दातांच्या दवाखान्यात गेली. डॉ. हर्षाली नुकत्याच तिथं आल्या होत्या, तिशीच्या आतबाहेर. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं, छोटा आरसा आत घातला आणि गाल बाजूला करायला गेल्या, तर आरसा गालाला चिकटला. त्यांनी तो हळूच सोडवला, पुन्हा लावला. पुन्हा चिकटला.

"पाणी कधी प्यायलात?"

"आत्ता खालीच. तांब्याभर."

"तरी तोंड कोरडं ठाक आहे. भाकरी खाताना पाणी लागतं का?"

"प्रत्येक घासाला," गोकुळच मधे बोलला. "तांब्या शेजारी असल्याबगर ती जेवतच न्हाई."

"डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं?"

"गाडीवर धूळ असायची ना, आता गाडी बंद हाय. त्याचंच असंल."

"गाडी बंद आहे म्हणालात. मग अजूनही होतं?"

प्रतिभानं विचार केला. "व्हतं."

"रडताना पाणी येतं का डोळ्यांतून?"

"मी रडत न्हाई," प्रतिभा ठामपणे म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "बरं, कांदा चिरताना?"

प्रतिभा थबकली. आधी कांद्यानं तिचे डोळे वाहायचे. हल्ली काहीच होत नव्हतं. तिला वाटलं होतं सवय झाली.

डॉ. हर्षालींनी हातमोजे काढले आणि खुर्ची जवळ ओढली. हिरड्यांलगत एकदम इतके दात किडावेत असं प्रतिभाचं वय नव्हतं, खाणंही नव्हतं. त्यांनी पायाच्या पट्टीबद्दल विचारलं, तेव्हा घाटापासून विटेपर्यंत सगळं बाहेर आलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"मी दातांची डॉक्टर आहे. पायाचं मी सांगणं बरोबर नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तोंड, डोळे आणि पाय, ही तीन दुखणी वेगळी नसावीत असं मला वाटतंय. पुण्याला संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. मी चिठ्ठी देते."

"संधिवात? माझे सांधे चांगलेत की."

"त्या डॉक्टरांकडे फक्त सांध्यांचं नसतं. शरीर स्वतःवरच उलटतं ना, ते आजार तेच बघतात."

पुण्याचे डॉक्टर उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आधीचे कागद बाजूला ठेवले आणि प्रतिभाला पलंगावर झोपवलं. डोळे मिटायला सांगितले. पायाचा अंगठा वर केला, खाली केला. तिनं प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. पायानं त्यांचा हात ढकलायला लावला. तिनं असा ढकलला, की ते मागं सरकले. मग थंडगार लोखंडी चिमटा तळव्याला लावला.

"काय लावलं?"

"कायतरी लावलंय. काय ते न्हाई सांगता येत."

"थंड की गरम?"

"न्हाई कळत."

टोकदार काडी पावलापासून गुडघ्याकडं नेत त्यांनी विचारलं, टोचतंय कुठून? पोटरीच्या मध्यापर्यंत तिला बोथट वाटलं, त्याच्या वर टोचलं. डॉक्टरांनी काडी खाली ठेवली.

"ताकद चांगली आहे. पाय कुठं आहे ते कळतंय. म्हणजे जाड नसा शाबूत आहेत. करंटच्या तपासणीत त्याच दिसतात, म्हणून ती नॉर्मल आली. ते डॉक्टर खोटं बोलले नाहीत. पण ऊन, थंड, दुखणं हे सांगणाऱ्या नसा फार बारीक असतात. त्या तिथं दिसत नाहीत."

प्रतिभा उठून बसली. "म्हंजी मोठं वायरिंग चांगलं, बारीक वायरी कुरतडल्यात?"

"तसंच समजा."

"मंग उंदीर कोन?"

आता मात्र डॉक्टर मोकळं हसले. "तुमचेच राखणदार. रोगजंतूंशी लढायला शरीरात जे सैन्य असतं, ते चुकून स्वतःच्याच ग्रंथींवर उठतं. थुंकीच्या, अश्रूंच्या. कधी कधी नसांवरही. मला तसा संशय आहे. खात्री करून घेऊ."

रक्त घेतलं. डोळ्यांच्या कडेला कागदाच्या पट्ट्या लावून अश्रू मोजले. पट्टी जेमतेम ओली झाली. खालच्या ओठाच्या आतून छोटासा तुकडा काढला, पायाच्या कातडीतूनही. दुसऱ्या खेपेला निकाल घेऊन डॉक्टरांनी नाव सांगितलं: शोग्रेन. नाव गोकुळला तोंडात धरवेना, पण प्रतिभानं ते दोनदा म्हणून पाठ केलं. इतक्या महिन्यांनी दुखण्याला नाव मिळालं होतं आणि तिला, खरं सांगायचं तर, आनंद झाला.

"बरं व्हनार का मी?"

"आजार मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही. ताब्यात ठेवता येतो. औषधं दोन तऱ्हेची आहेत, ती एकमेकांत मिसळू नका. एक, सैन्याला आवरायची. ती सावकाश काम करते, महिने लागतात. तिच्यासाठी दर वर्षी डोळ्यांचा पडदा तपासायचा. सोबत थोडे दिवस स्टिरॉइड, ते मी सांगेन तसं कमी करत आणायचं, मनानं बंद करायचं नाही. दुसरी, आगीची गोळी. ती आजार बरा करत नाही, पण नसा विनाकारण ओरडताहेत त्यांचा आवाज खाली आणते. बसेल ती गोळी शोधायला थोडा वेळ जाईल."

"आन् गाडी?"

"गोळीनं झोप येते. डोस बसेपर्यंत नाही."

"नंतर?"

डॉक्टरांनी तिच्याकडं नीट बघितलं. "ताकद आहे, पायाचा अंदाज आहे. आग आटोक्यात आली तर का नाही?"

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच प्रतिभानं गोकुळला सांगितलं, "तवर तुमी शिका."

"काय?"

"गाडी. हिरड्याचा हंगाम तोंडावर हाय. लोक वाट बघत्यात."

"मी? प्रतिभा, मला ते…"

"मला जमलं ते तुमाला का जमू नये?"

गोकुळला लोणीचा पाहुणा आठवला असावा, कारण त्यानं पुढं वाद घातला नाही.

शिनोलीजवळच्या एका मोकळ्या माळावर त्याचं शिक्षण सुरू झालं. प्रतिभा शेजारी बसायची, पायात पातळ सुती मोजे, मांडीवर पाण्याची बाटली, डोळ्यांत थेंब घातलेले. गाडी उड्या मारायची, बंद पडायची, पुन्हा उड्या मारायची.

"क्लच एकदम सोडू नका. रोप उपटताना मूळ तुटू देता का? तसं. सावकाश."

रोपाचं म्हटल्यावर गोकुळला कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा गाडी उडी न मारता निघाली आणि तो लहान मुलासारखा ओरडला. पक्कं लायसन हातात येईपर्यंत त्यानं दोनदा परीक्षा दिली. पहिल्या खेपेला मागं घेताना खांब पाडला.

औषधाची गाडीही अशीच धक्के खात चालली होती. पहिल्या आगीच्या गोळीनं आग कमी झाली, पण प्रतिभाला सारखी गुंगी यायला लागली. भाकरी थापता थापता ती परातीवर वाकून झोपली. पाय सुजले. चालताना घर डोलायचं. "टाकून दे त्या गोळ्या," लंकाबाई म्हणाली. प्रतिभानं टाकल्या नाहीत. पुण्याला फोन लावला, काय काय होतंय ते सांगितलं. डॉक्टरांनी ती गोळी पायरीपायरीनं खाली आणली आणि दुसरी सुरू केली. दुसरीनं आठवडाभर मळमळ झाली, मग मळमळ गेली.

याच दिवसांत गेणभाऊ एक पुडी घेऊन आले. "मंचरच्या पलीकडं एक जन देतो. नसांवर लई गुन हाय म्हनत्यात."

"त्यात काय काय हाय?"

"ते तो सांगत न्हाई. त्याची ईद्या हाय."

"मंग माझ्या पोटात कशाला, गेणभाऊ? मी डिझेलबी बिल बघून भरते." तिनं त्यांना चहा पाजला आणि पुडी त्यांच्याच खिशात परत घातली.

घरात एक नवं काम लंकाबाईनं आपल्याकडं घेतलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की पायाला चटका, काटा, जखम कळणार नाही, तेव्हा रोज डोळ्यांनी बघायचं. दिवेलागणीच्या आधी उजेड असतानाच ती सुनेला पडवीत बसवायची आणि दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा निरखून बघायची. वीट तिनं घराच्या मागं नेऊन टाकली होती. भात लावणीला प्रतिभाला चिखलात उतरू दिलं नाही. "रोपाच्या जुड्या बांध. बांधावर बसून." प्रतिभा कुरकुरली, पण बसली.

गणपतीच्या सुमारास एका पावसाळी पहाटे गोकुळला जाग आली तर प्रतिभाच्या पायांवर गोधडी होती. तिनं झोपेतच ओढून घेतली होती. त्यानं तिला उठवलं नाही. चहा करून आणला आणि म्हणाला, "पाय बघ तुझे." तिनं बघितलं, आणि कपातला चहा संपवला. दोघांनाही घाईनं काही म्हणायचं नव्हतं.

आग गेली नव्हती. पण पूर्वी ती पूर्ण दिवस बोलायची, आता संध्याकाळी थकल्यावर बोलायची. खिळा घुसल्यासारखी कळ तर पावसाळ्यात एकदाच आली. तोंडाचा कोरडेपणा होताच; डॉ. हर्षालींकडं दातांची फेरी ठरून गेली होती आणि तिथं प्रतिभा आता पाहुण्यासारखी चहा पिऊनच निघायची.

दसऱ्यानंतरच्या खेपेला डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं. तिला खुर्चीवर बसवून, आपण टेबलावर टिचकी मारली की पायानं जमीन दाबायची असा खेळही करून बघितला. दिवसा गुंगी येते का, हे तिला वेगळं विचारलं आणि गोकुळला वेगळं. मग म्हणाले, "चालवा. आधी माळावर. मग सपाट रस्त्यावर, शेजारी कुणीतरी असू द्या. घाट सगळ्यात शेवटी. पाय जास्त बोलायला लागला तर गाडी बाजूला."

"तेवढं मला कळतं, डॉक्टर."

"ते मला माहीत आहे. म्हणूनच हो म्हणतोय."

माळावर तिनं पहिल्या दिवशी नुसते ब्रेक दाबले. पुढं जायचं, थांबायचं. पुढं जायचं, थांबायचं. उजव्या पायाखालचं पेडल कुठं आहे, किती दाबलंय, सगळं तिला कळत होतं. तळव्यात बारीक चुरचुर होती, पण ती चुरचुर पायाला हुकूम देत नव्हती. अर्ध्या तासानं ती उतरली आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. "झकास," एवढंच म्हणाली.

पहिलं भाडं निरगुडसरचं होतं. कांद्याची रोपं पोचवायची होती, सगळा रस्ता सपाट. गोकुळ शेजारी बसला. पण इतके महिने चालवून त्याला आता गाडी चढली होती. सीटवर तो स्वस्थ बसेना.

"हळू घे. फुडं स्पीडब्रेकर हाय."

"दिसतोय मला."

"इंडिकेटर दे."

"दिला."

"त्या ट्रॅक्टरला जाऊ दे आधी. हां. आता घे. आता…"

प्रतिभानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. "अवो, कुनी शिकवली तुमाला गाडी?"

गोकुळ ओशाळून हसला. पण निरगुडसरला रोपं उतरवून झाल्यावर त्यानं जो प्रश्न विचारला, तो तिनं अपेक्षिलेला नव्हता. "आता माझं काय? किल्ली घेनार का माझ्याकडनं?"

ती हसायला लागली, आणि मग तिच्या लक्षात आलं, की तो गमतीनं विचारत नाही. त्यानं डोंगरातल्या वाड्यांची भाडी जमवली होती, म्हाताऱ्या माणसांना हात देऊन वर चढवायला शिकला होता, घाटातल्या ड्रायव्हरांशी त्याची ओळख झाली होती. पूर्वीचा डोळे मिटून घेणारा गोकुळ आता नव्हता.

वाटणी रस्त्यातच ठरली. बाजाराचे दिवस प्रतिभाचे, घाटातल्या खेपा आठवड्यातून काही दिवस त्याच्या आणि काही तिच्या. ज्या दिवशी पाय कुरकुरेल त्या दिवशी किल्ली न विचारता त्याची. आणि शेजारी बसेल त्यानं गप्प बसायचं, हा नियम दोघांना.

"तुलाबी?" गोकुळनं विचारलं.

"मी शिकवनारी हाय. मला सूट."

थंडी पडली तेव्हा ती घाटाची पहिली पूर्ण खेप घेऊन वर गेली, भरली गाडी खाली आणली आणि मंचरला वेळेत पोचली. बाजारात दलालानं विचारलं, "बाई, लई दिवसांनी? कुठं व्हता?"

"आजारी व्हते."

"आता बऱ्या का?"

प्रतिभानं थोडा विचार केला. खोटं तिला सांगायचं नव्हतं आणि सगळं सांगायला वेळ नव्हता. मागं गाड्या हॉर्न देत होत्या.

"औषध चालू हाय, आन् मीबी," ती म्हणाली, आणि पोती उतरवून घ्यायला मागचं फळकं उघडलं.